विद्येने दारिद्र्य जाते काय?



गतवर्षी चातुर्मासात बंगळूर नगरीत (हल्ली जिला बेंगळुरू या नावाने संबोधितात) गीतेच्या तिसऱ्या अध्यायावर काही दिवस बोलण्याचा योग आला. मल्लेश्वरम् भागात एका मराठी गृहस्थांच्या घरी माझा मुक्काम होता. घर सुशिक्षित, सदाचारी आणि अतिथिप्रिय. एके दिवशी प्रातःकाळी आम्ही ओसरीवर बसलो असता यजमानांचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा पुस्तक मिटून खेळावयास निघाला. समोरच्या रस्त्यावर एक प्रौढ स्त्री झाडीत होती. नगराची स्वच्छता राखणाऱ्या या मंडळींना तेथे 'पौरकार्मिक' म्हणतात. यजमानांनी तिच्याकडे बोट दाखवून मुलास म्हटले, "अभ्यास केला नाहीस तर उद्या हातात हाच झाडू येईल, लक्षात ठेव!"

यजमान मराठीत बोलले, तेव्हा त्या बाईंस शब्द कळले नसावेत. परंतु रोखलेले बोट कळण्यास भाषा लागत नाही. त्यांनी क्षणभर वर पाहिले आणि पुन्हा खाली वाकून त्या झाडू लागल्या. थोड्या वेळाने त्या पाणी मागावयास फाटकाशी आल्या, तेव्हा यजमानांच्या वृद्ध मातोश्रींनी कानडीत त्यांची विचारपूस केली व आम्हांस त्याचा अर्थ सांगितला. त्यांची मुलगी महाविद्यालयात शिकत होती. त्या म्हणाल्या, "मुलगी शिकून कोठे तरी नोकरीला लागेल. मग माझ्या मागून या रस्त्यावर दुसरी कोणी येईल. तिला तरी पगार वेळेवर मिळो."

सज्जनहो, त्या दिवशी सायंकाळी मी प्रवचनास बसलो खरा, परंतु माझे चित्त त्या वाक्यावरून हलेना. यजमानांचे बोलणे आणि त्या बाईंचे बोलणे ही दोन्ही एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत. विद्येने दारिद्र्य जाते काय, हा तो प्रश्न. यजमान म्हणतात, जाते, म्हणून शीक आणि या कामातून सुटून जा. त्या माउली म्हणतात, माझ्या मुलीचे जाईल, पण झाडू रस्त्यावरच राहील आणि तो कोणा तरी दुसरीच्या हाती येईल. यांतील दुसरे उत्तर अधिक खोल आहे. आज आपण त्याचाच विचार करू.

प्रथम विद्येची बाजू न्यायबुद्धीने मांडली पाहिजे, कारण विद्येचा महिमा कमी लेखणे हे पातकच होय. याच बंगळूरच्या उत्तरेस नंदी डोंगराच्या पायथ्याशी मुद्देनहळ्ळी नावाचे लहानसे खेडे आहे. तेथल्या एका सामान्य स्थितीतील कुटुंबात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म झाला. पुढे ते बंगळुरास आले व इतरांच्या मुलांना शिकवणी देऊन त्यांनी आपल्या शिक्षणाचा खर्च भागविला. १८८१ साली सेंट्रल कॉलेजातून ते पदवीधर झाले. म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती देऊन त्यांना पुण्याच्या सायन्स कॉलेजात पाठविले, आणि १८८३ साली तेथून ते अभियांत्रिकीच्या परीक्षेत प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाले. नंतर मुंबई इलाख्यात चाकरी करीत असता त्यांनी पुण्यानजीकच्या खडकवासला धरणावर आपोआप उघडणारे व मिटणारे दरवाजे बसविले, ही गोष्ट महाराष्ट्रास अभिमानाने ठाऊक आहे. १९१२ साली ते म्हैसूर संस्थानचे दिवाण झाले आणि १९५५ साली त्यांना भारतरत्न ही पदवी मिळाली. एका निर्धन विद्यार्थ्यास विद्येने कोठून कोठे नेले, याचे याहून ठळक उदाहरण शोधावयास नको.

विश्वेश्वरय्यांचीही शिक्षणावर अशीच श्रद्धा होती. देशाचे दारिद्र्य हटवावयाचे तर शाळा व उद्योग यांची जोडी हवी, असे त्यांचे मत होते. त्यांच्या कारकिर्दीत म्हैसूर संस्थानात शाळांची संख्या दुपटीहून अधिक झाली. १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ निघाले आणि १९१७ साली बंगळुरास अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले.

परंतु येथेच एक विचार करण्याजोगी घटना घडली. शाळा वाढल्या, पदव्या वाढल्या, तरी सरकारी कचेऱ्यांतील बहुतेक जागा पूर्वीपासून ज्यांच्या घरी अक्षरओळख होती त्यांनाच मिळत राहिल्या. इतर समाजांनी दाद मागितली. महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी १९१८ साली सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. राखीव जागांच्या या प्रश्नावर दिवाण व महाराज यांचे मत एक झाले नाही आणि विश्वेश्वरय्यांनी दिवाणपद सोडले. गुणवत्तेत उणेपणा येऊ नये, ही त्यांची चिंता प्रामाणिक होती. परंतु महाराजांची दृष्टी अधिक दूरवर पोहोचली होती, असे मला नम्रपणे वाटते. दार उघडे आहे एवढे म्हणून भागत नाही. त्या दारापर्यंत येणारी वाट सर्वांच्या पायांना सारखीच सुगम आहे काय, हेही पाहावे लागते. ज्याच्या घरी दिवा आहे त्याची शाळा आणि ज्याच्या घरी दिवा नाही त्याची शाळा एक नव्हे, भिंती एकच असल्या तरीही.

स्वातंत्र्यानंतर आपल्या राज्यघटनेने दहा वर्षांच्या आत सर्व बालकांस चौदा वर्षे वयापर्यंत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा संकल्प केला. प्रत्यक्षात तो हक्काच्या रूपाने कायद्यात येण्यास १ एप्रिल २०१० हा दिवस उजाडावा लागला. १९५१ च्या शिरगणतीत शंभरांत सुमारे अठरा माणसे साक्षर होती, ती २०११ च्या शिरगणतीत चौऱ्याहत्तर झाली. ही प्रगती लहान नव्हे. तरीही एक विपरीत गोष्ट आपल्या दृष्टीस पडते. सरकारी पाहण्यांत निरक्षरांपेक्षा पदवीधरांतच बेकारीचे प्रमाण अधिक दिसते. याचे कारण उघड आहे. निरक्षर दरिद्री माणसास बेकार राहणे परवडतच नाही, कारण जे मिळेल ते काम त्यास पोटासाठी करावे लागते. शिकलेला मनुष्य मात्र आपल्या पदवीस शोभेल अशा कामाची वाट पाहत बसतो. आपण त्यास जी विद्या दिली, तिच्याबरोबरच हाताच्या कामाचा तिटकाराही दिला. ओसरीवर बोट रोखून दिलेला तो पहिला धडा पदवीनंतरही तो विसरत नाही.

आता आपल्या पुराणांकडे वळू. विद्या आणि दारिद्र्य यांची गाठ महाभारतात व भागवतात फार मार्मिकपणे घातलेली आहे. द्रोणाचार्यांहून विद्वान कोण होता? वेद आणि धनुर्वेद दोन्ही त्यांच्या मुखी व हाती होते. तथापि त्यांच्या घरी गाय नव्हती. श्रीमंतांची मुले दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा रडू लागला, तेव्हा त्याला पिठाचे पाणी देण्यात आले, आणि तेच दूध समजून ते अजाण पोर आनंदाने नाचू लागले. तो प्रकार पाहून द्रोण आपला बालमित्र द्रुपद याच्याकडे गेले. एकाच गुरूपाशी शिकलेल्या या मित्राने सिंहासनावर बसून त्यांची हेटाळणी केली. राजाची व भिकाऱ्याची मैत्री कसली, असे तो म्हणाला. म्हणजे विद्या होती, पण मान नव्हता. त्या अपमानाचा विस्तव द्रोणांच्या हृदयात पेटला आणि त्याच्या ज्वाळा पुढे कुरुक्षेत्रापर्यंत पोहोचल्या. याहूनही दुःखाची गोष्ट अशी की, ज्यांना दारिद्र्याने पोळले होते त्या द्रोणांनीच पुढे राजाश्रय मिळाल्यावर एकलव्यास शिकविण्याचे नाकारले आणि त्याचा अंगठा गुरुदक्षिणा म्हणून मागून घेतला. दारिद्र्यातून वर आलेला मनुष्य आपल्या मागची शिडी काढून घेऊ शकतो, हे व्यासांनी आपणांस किती निर्भीडपणे सांगितले आहे!

याच्या शेजारी दुसरी एक जोडी ठेवा. सांदीपनींच्या आश्रमात श्रीकृष्ण आणि सुदामा एकत्र शिकले. तेथे राजकुळातील बालक आणि दरिद्री ब्राह्मणाचा बालक गुरुपत्नीच्या सांगण्यावरून रानात लाकडे आणावयास एकत्रच जात असत. वर्षे लोटली. सुदामा विद्वान व विरक्त होता, तरी त्याच्या घरी चूल पेटण्याची पंचाईत होती. म्हणजे येथेही केवळ विद्येने दारिद्र्य गेले नाही. परंतु द्वारकेत काय घडले? फाटक्या वस्त्राचा तो मित्र दारी येताच भगवंत आसनावरून उठले, त्यांनी स्वहस्ते त्याचे पाय धुतले, मूठभर पोहे मोठ्या प्रीतीने खाल्ले, आणि लाकडे आणावयास गेल्या दिवसाच्या पावसाची आठवण काढली. संपत्ती मागाहून आली, आदर आधी मिळाला. द्रुपद आणि श्रीकृष्ण, दोघेही गुरुबंधूच होते. एकाने विद्यावंताचे दारिद्र्य पाहून त्याला हिणवले, दुसऱ्याने त्याच दारिद्र्याचे पाय धुतले. विद्या सर्वत्र तीच होती. तिचे फळ समाजाच्या अंतःकरणावर अवलंबून राहिले.

तात्पर्य असे की, दारिद्र्याच्या दोन गाठी आहेत. पहिली गाठ अज्ञानाची. ती विद्येने सुटते, आणि ती सोडविण्यासाठी प्रत्येक बालकास शाळेत घातलेच पाहिजे. दुसरी गाठ अवमानाची. समाजास ज्या कामावाचून एक दिवसही चालत नाही त्या कामाला सर्वांत कमी मोल आणि त्याहून कमी मान द्यावयाचा, ही ती गाठ होय. ही गाठ दरिद्र्याने शिकून सुटत नाही. ती सोडविण्यासाठी ज्यांनी ती बांधली त्यांनी, अर्थात आपण, शिकावे लागते.

या दुसऱ्या गाठीविषयी बंगळूर नगरीचाच इतिहास बोलका आहे. तेथील पौरकार्मिकांपैकी फार मोठा भाग वर्षानुवर्षे कंत्राटी पद्धतीने राबत होता. जुलै २०२२ मध्ये कायम नेमणुकीसाठी त्यांनी संप केला, आणि १ मे २०२५ रोजी, कामगार दिनी, बारा हजारांहून अधिक पौरकार्मिकांना कायमपणाची नियुक्तिपत्रे देण्यात आली. ध्यानात घ्या, काम तेच राहिले, झाडू तोच राहिला. परंतु कायम पगार व निवृत्तीची शाश्वती आली की त्याच कामातील दारिद्र्याचा दंश पुष्कळसा कमी होतो. म्हणजे दारिद्र्य झाडूत नव्हते. झाडूविषयीच्या आपल्या हिशेबात ते होते.

विश्वेश्वरय्यांच्या उत्तरायुष्यातील एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. भद्रावतीच्या लोखंड कारखान्यासाठी त्यांनी जे श्रम केले त्यांबद्दल मिळावयाचे मानधन त्यांनी स्वतःकरिता घेतले नाही. त्या द्रव्यातून तरुणांना हाताचे कसब शिकविणारी संस्था काढावी, असे त्यांनी सुचविले. १९४३ साली बंगळुरास ती संस्था निघाली. तिला आपले नाव देऊ न देता त्यांनी जयचामराजेंद्र महाराजांचे नाव देवविले. देशातील अग्रगण्य अभियंत्याने आपली कमाई सुतारकाम, यंत्रकाम इत्यादी कसबे शिकविण्याकडे वळवावी, यात मोठा बोध आहे. विद्या आणि हात यांची फारकत झाली तर दोन्ही दरिद्री होतात, हे त्यांनी ओळखले होते.

महाराष्ट्रात हेच कार्य कर्मवीर भाऊराव पाटील यांनी केले. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली सातारा येथे सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. तेथे मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि श्रम करून त्या कमाईवर शिकत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी प्रकृती ढासळल्यामुळे गांधीजी विश्रांतीसाठी नंदी डोंगरावर व बंगळुरात येऊन राहिले होते. कर्मवीरांच्या विद्यार्थ्याने हातात खोरे धरले ते शिकता आले नाही म्हणून नव्हे, शिकता यावे म्हणून. तोच खोरे धरणारा हात सायंकाळी पुस्तक उघडी. अशा मुलास कष्टाची लाज कोण कशी शिकविणार?

आता गीतामाउलीस विचारू. काही लोक म्हणतात, गीतेने स्वधर्म सांगितला, म्हणून ज्याने त्याने जन्मतः आलेले काम मुकाट्याने करीत राहावे. सज्जनहो, हा अर्थ सोयीचा आहे, परंतु तो भगवंतांचा नव्हे. चौथ्या अध्यायात चातुर्वर्ण्याचा निर्देश करताना त्यांनी गुण व कर्म यांचा उल्लेख केला आहे, जन्माचा केलेला नाही. स्वधर्माचा उपदेश ज्याने त्याने स्वतःला करावयाचा असतो. दुसऱ्याला तळाशी दाबून ठेवण्याचे ते साधन नव्हे. त्या पौरकार्मिक माउलीच्या मुलीने शिकून वैद्य व्हावे, न्यायाधीश व्हावे, यास गीतेची पूर्ण संमती आहे.

गीता निषेध करते तो कर्माकर्मांतील उच्चनीच भावाचा. अठराव्या अध्यायात भगवंत सांगतात की, आपले कर्म हेच ईश्वराच्या पूजेचे फूल होते आणि त्या पूजेने मनुष्य सिद्धीस पोहोचतो. तेथे अमुक कर्माचे फूल सुगंधी व तमुक कर्माचे निर्गंध, असा भेद नाही. उलट प्रत्येक कर्माला, अग्नीला धूर असावा तसा, काही ना काही दोष चिकटलेला असतोच, असे त्यांनी स्पष्ट केले आहे. कचेरीतील कामास धूर नाही आणि रस्त्यावरील कामासच आहे, असे ज्याला वाटते त्याने आपल्या कचेरीकडे नीट पाहिलेले नाही. तिसऱ्या अध्यायात तर सर्व सृष्टीच परस्परांना पोसणाऱ्या यज्ञचक्रावर चालते असे सांगून, त्या चक्रातून नुसते घेणारा व काही न देणारा मनुष्य चोर होय, असा कठोर निर्णय दिला आहे. पहाटे रस्ता झाडणारी स्त्री त्या चक्रात आपली आहुती टाकून गेलेली असते. आपण उठून तिच्याकडे बोट दाखवितो, तेव्हा या दोघांत चोर कोण?

वनपर्वातील धर्मव्याधाची कथा आपणांस ठाऊक आहे. तपस्वी कौशिकास ज्ञानाचा ताठा चढला. एका गृहिणीने त्याला ताळ्यावर आणले आणि मिथिलेत मांस विकणाऱ्या व्याधाकडे धर्म शिकण्यास पाठविले. वेदाध्यायी ब्राह्मण खाटकाच्या दुकानासमोर शिष्य म्हणून उभा राहिला! आणि राजसूय यज्ञात जगाचा स्वामी कोणते काम निवडतो? पाहुण्यांचे पाय धुण्याचे. त्यानेच पंगतीतील उष्ट्या पत्रावळी उचलल्या, असे आपले कीर्तनकार परंपरेने सांगत आले. गीता सांगितली तीही घोड्यांचे लगाम हाती धरून. सारथ्याचे काम करीत असता ज्याने ज्ञान दिले, त्याच्या भक्तांनी कामकऱ्यास कमी लेखावे, यासारखी दुसरी विसंगती नाही.

त्याच तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी म्हटले आहे की, थोर माणसे जसे वागतात त्याचेच अनुकरण लोक करतात. प्रत्येक मुलाच्या दृष्टीने थोर मनुष्य म्हणजे त्याचे आईबाप. म्हणून गृहस्थाश्रमी वाचकांपुढे मी तीन साधे नेम ठेवतो.

पहिला नेम वाणीचा. कोणत्याही श्रमिकाकडे बोट दाखवून मुलास अभ्यासाची भीती घालू नये. भीतीने शिकलेली विद्या पुढे तिरस्काराच्याच रूपाने बाहेर पडते.

दुसरा नेम हाताचा. घरातील एक तरी स्वच्छतेचे काम मुलाने व मुलीने नित्य स्वतः करावे, आणि घरातील कर्त्या पुरुषानेही करावे. ओला व सुका कचरा आपण वेगळा केला नाही, तर तो कोणाच्या तरी हातांना वेगळा करावा लागतो. फुटलेली काच कागदात गुंडाळून, तशी खूण करून वेगळी देणे हाही यज्ञच होय.

तिसरा नेम द्रव्याचा. आपल्या घरी राबणाऱ्या माणसाचे वेतन ठरलेल्या दिवशी, न मागता, पुरेसे द्यावे. आणि शक्ती असेल त्याने एका श्रमिकाच्या मुलाच्या शिक्षणाचा भार उचलावा. तो उपकार म्हणून नको. आपण ज्या विद्येवर वाढलो तिचे ते ऋण आहे.

त्या सायंकाळी प्रवचन संपल्यावर यजमान माझ्यापाशी येऊन बसले. सकाळच्या प्रसंगाविषयी मी अवाक्षर काढले नव्हते. तेच म्हणाले, "बुवा, मी मुलाला शिकवावयास गेलो ते चुकीचे शिकविले. आता ते पुसावे कसे?" मी म्हणालो, "बोलून पुसले जाणार नाही. मुलाने पाहिले आहे, तेव्हा त्याला दुसरे काही तरी पाहू द्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती झाडण्याच्या आवाजाने. फाटकाबाहेर यजमान स्वतः आपल्या दारापुढचा भाग झाडीत होते, आणि मुलगा सूप धरून शेजारी उभा होता. त्या बाई येतील तेव्हा त्यांचे काम तेवढेच हलके व्हावे, एवढाच त्यांचा हेतू. त्या आल्या, स्वच्छ झालेल्या जागेकडे पाहून थोड्या हसल्या आणि पुढच्या घराकडे वळल्या. यात मोठे असे काही घडले नाही. त्यांचा पगार त्याने वाढला नाही, मुलीची फीही भरली गेली नाही. ते काम अद्याप व्हावयाचेच आहे, आणि ते कायद्याने व समाजाने करावयाचे आहे. परंतु एका घरात त्या दिवशी दुसरी गाठ थोडी सैल झाली, एवढे मी डोळ्यांनी पाहिले.

विद्येने दारिद्र्य जाते काय? ज्याच्यापाशी विद्या नाही त्याला ती मिळाली, आणि ज्याच्यापाशी आहे त्याला नम्रता मिळाली, तर खचित जाते. यांपैकी पहिले काम आपण शाळेवर सोपविले आहे. दुसरे आपल्या ओसरीवरच करावे लागेल. ते करण्याची बुद्धी त्या पार्थसारथीने आपणां सर्वांस द्यावी, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥